जुने शब्द आधी

वाचा-उपचाराच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. पक्षाघाताने वाचा गेलेले वडील आत तपासणीला गेले होते. लेकीच्या मांडीवर चित्रांची कार्डं होती.

“पुन्हा लावतेस ती कार्डं?”

“जुने शब्द आधी घेतलेत, आई. बाबाच वर्गात शिकवायचे ना? इंग्लंडात फ्रेंच बोलणारे राजे आले, कोर्ट, गव्हर्नमेंट असे शब्द घेऊन आले. पण वॉटर, हाउस, नाइट हे जुने शब्द लोकांच्या तोंडून काही गेले नाहीत.”

“अगं, तो इंग्रजीचा इतिहास झाला. ह्यांच्या मेंदूत गाठ झालीय रक्ताची.”

“जुनं टिकतं, असं तेच म्हणायचे.”

“वर्गात म्हणायचे. घरी कुठे बोलायचे?”

“एखादा तरी शब्द येईल गं.”

“आला. सकाळी, मी तोंड पुसत होते तेव्हा.”

“आणि मला आत्ता सांगतेस? कुठला?”

“सॉरी.”

“तुला म्हणाले?”

“खोलीत दुसरं होतं कोण? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आहे का तुझ्या कार्डांत?”

“त्याचं चित्र काढता येत नाही, आई. पण जुना आहे. त्या फ्रेंच राजांच्याही आधीचा.”

“मग इतकी वर्षं कुठे ठेवला होता ह्यांनी?”