उजवीकडचा ओठ

हलू नका. — नाही, खरंच हलू नका, ती बाही नुसत्या टाचण्यांवर उभी आहे. आणि एवढं दचकायला काय झालं? ओळखलंत का, इतकंच विचारलं मी. नाही ओळखलंत. ओळखणार तरी कशा — तुम्ही डॉक्टर लोक चेहरा कुठं बघता, तोंड बघता, तेही आतून! आत्ता मी आ केला ना, तर लगेच आठवेल तुम्हाला. खालची, उजवीकडची, आडवी अक्कलदाढ. अकरा महिने झाले. तुमच्या खुर्चीत मी पाऊण तास होते आणि दाढ निघेना म्हणून तुम्ही तिचे तुकडे केलेत — आठवलं? हां. चेहरा पडला म्हणजे आठवलं. हात जरा वर घ्या, काखेत बघू द्या मला. कुणीतरी सांगितलं असेल, कोट शिवायचा तर त्या बाईंकडे जा, म्हणून आलात बिचाऱ्या. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं तुम्हाला, मापं घेतानाच. बोलले नाही. म्हटलं, कोट अंगावर चढू दे, टाचण्या लागू देत, मग बोलू — म्हणजे निघून जाता येणार नाही.

दोन-तीन तासांत बधिरपणा उतरेल म्हणालात. नाही उतरला. मग फोनवर म्हणालात, दोन-तीन दिवस. मग दोन-तीन आठवडे. तुमच्याकडे दोन-तीन सोडून दुसरा आकडाच नाही का हो? उजवीकडचा अर्धा ओठ आणि खाली हनुवटीपर्यंत — हा एवढा तुकडा माझा नाहीच. दुसऱ्या कुणाचा तरी आणून मला शिवल्यासारखा. चहा पिते तर हनुवटीवरून ओघळतो, समोरच्यानं खूण केली की कळतं. ओठ चावला जातो, तर पदराला रक्त लागल्यावर कळतं. आणि दिसायला? दिसायला सगळं छान! ना सूज, ना ओठ वाकडा. काहीतरी दाखवण्यासारखं असतं तर बरं झालं असतं — लोक म्हणाले असते, अरेरे. आता म्हणतात, अहो, दाढच ना काढली? अक्कल गेली वाटतं तिच्याबरोबर, आणि हसतात. मीपण हसते. अर्ध्या ओठानं.

वळा. पूर्ण नको, थोडंसं. तुम्हाला वाटेल, शिंपीणबाईला ओठाचं काय एवढं, हात तर शाबूत आहेत. असंच वाटलं ना? — वाटलंच. सव्वीस वर्षं मी टाचण्या तोंडात धरल्या आहेत. उजव्या कोपऱ्यात, इथं. दोन्ही हातांनी कापड धरायचं, ओठानं टाचणी पुढं सरकवायची, हातानं घ्यायची. बघावं लागत नाही, मोजावं लागत नाही, ओठच मोजतो — पाच होत्या, चार लावल्या, एक आहे. गिऱ्हाइकाशी बोलतासुद्धा यायचं तोंडात टाचण्या असताना! आणि आता बघा — मनगटावर ही टाचण्यांची उशी. शिकाऊ पोरी बांधतात तशी. मी बांधली. पण कधी बांधली ते विचारा. विचारा ना! — नाही विचारणार तुम्ही. उशिरा बांधली, डॉक्टर.

एक छकुली होती. होती म्हणजे आहे, देवाच्या दयेनं आहे. चार वर्षांची. तिची आई शाळेत शिकवते, माझ्याकडे कधीपासून येते, तिच्या लग्नाआधीपासून. छकुलीचा फ्रॉक होता, गळ्याला झालर, दुहेरी. ती इथंच उभी होती, तुम्ही उभ्या आहात तिथं, आणि तिला गप्प उभं करायचं म्हणून मी गोष्ट सांगत होते — टाचण्या तोंडात ठेवून. झालर लावली, टाचण्या काढल्या, शिवून झालं, फ्रॉक गेला. आणि घरी आईनं तो डोक्यावरून ओढून काढला तेव्हा — झालरीच्या आत एक टाचणी होती. माझ्या तोंडातून पडलेली. ओठातून सुटली आणि मला पत्ता नाही, डॉक्टर, मला पत्ता नाही! गालावरून वर, इथून इथपर्यंत ओरखडा, डोळ्याच्या अगदी काठाला जाऊन थांबला. डोळा वाचला. व्रण आहे. तिची आई आली. शिवायला टाकलेली कापडं परत मागितली, घडी घातली आणि गेली. ओरडली असती तर मीही ओरडले असते. पण ती नुसती घडी घालत होती. एकेका कापडाची. नीट.

काय? — काय म्हणालात? मोठ्यानं म्हणा. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही तपासलं होतं. हो, तपासलं होतं. डोळे मिटा म्हणालात, काहीतरी टोकदार घेतलंत, टोचतंय का म्हणून विचारलंत. आणि हेही सांगितलंत की अजून बधिर असेल तर आजच चिठ्ठी देते, मोठ्या इस्पितळात जा, शीर बघतील, वेळ घालवला तर पुढं काही करता येत नाही. सगळं आठवतं मला. मला का सांगताय? मी काय म्हणाले तेही लिहिलेलं असेल ना तुमच्याकडे? असेलच. हो म्हणाले मी. टोचतंय म्हणाले. प्रत्येक वेळी — हो, हो, हो. — कारण मला परत ती सुई नको होती! तो हाडात घुमणारा आवाज नको होता, पुन्हा कुणी माझ्या तोंडात हात घालायला नको होता. मला घरी जायचं होतं. पण तुम्हाला कळायला नको? तुम्ही शिकलात ना? डोळे मिटून बसलेली बाई, तुम्ही टोचायच्या आधीच हो म्हणते — एकदा तर आधीच म्हणाले मी, नंतर लक्षात आलं माझ्या — आणि तुम्ही 'छान' म्हणता? पुढचं माणूस बोलावता? मी खोटं बोलले, कबूल. पण घाबरलेल्या माणसाचं खोटं ओळखणं तुमचं काम होतं. माझं नव्हतं.

ते मशीन कशाला बघताय? कव्हर घातलंय म्हणून? धाकट्या बहिणीचं आहे. बारा वर्षं आम्ही दोघी इथं पाठीला पाठ लावून बसायचो. शेवटचा हात तिचाच — धागे काढायचे, इस्त्री करायची, टाचणी राहिली का ते चाचपायचं. छकुलीची आई गेल्यावर तीच रडायला लागली, ताई, माझ्याच हातून सुटली गं, मीच नीट बघितलं नाही. आणि मी... तिला मी सांगितलं होतं ना, ओठ बरा झाला म्हणून. तुम्हाला सांगितलं तसंच तिलाही. मग आता काय सांगणार? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होतं असं. होतं असं, म्हटलं मी! माफ केल्यासारखं! आठवड्यानं तिनं यायचं बंद केलं. एका कारखान्यात बटणं लावते आता. कात्री-टाचणीजवळ नको म्हणते, माझा हात नीट नाही. तिचा हात — तिच्या हाताइतका नीट हात मी नाही पाहिला कुणाचा.

हे मी तुम्हाला का सांगितलं? तुम्हाला नव्हतं सांगायचं. तुम्हाला फक्त शिव्या घालायच्या होत्या, दहा दिवस ठरवून ठेवल्या होत्या. — काय? हात का पुढं करताय? कोट फाटेल, हात खाली. माझ्या तोंडात? काय आहे माझ्या तोंडात? काहीतरीच काय, मी उशीतूनच घेतेय सगळ्या, बोलता बोलता कशी काय — थांबा. आरशात बघू द्या.

...काढा. तुम्हीच काढा. मला ती टाचणी लागतसुद्धा नाहीये.

काढलीत? निघाली? — बरं.

कोट उतरवा. हळू, डावा हात आधी. शुक्रवारी मिळेल, माणूस पाठवा, तुम्ही येऊ नका. नाही, मला चिठ्ठीबिठ्ठी नको, अकरा महिन्यांनी कसली चिठ्ठी देताय. आणि बहिणीला खरं सांगा म्हणून मला सांगू नका, ते मला कळतं. बटणांच्या कारखान्याला पाचला सुटी होते, फाटक कुठं आहे तेही माहीत आहे मला. दोनदा जाऊन आले आहे. जा तुम्ही. पर्स राहिली तुमची, घ्या. जा.