राखणदाराचं पाणी

हसू नका, झालं तसं सांगतो. कंपनीने मला व्हिएतनामला पाठवलं होतं. हॉटेलात पाटी होती, नळाचं पाणी पिऊ नका. मी सीलबंद बाटलीच प्यायचो. पण आमच्या दिघीकडची सवय, नव्या जागेत आधी तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, पाणी ठेवायचं. त्याला काय होतंय, म्हणून नळाचंच पेलाभर खिडकीत ठेवलं.

सकाळी पेला रिकामा. बाथरूममध्ये कुणीतरी ओकत होतं. दार उघडलं, तर आत कुणीच नाही.

आईला फोन लावला. तिने विचारलं, "त्याला कुठलं पानी ठेवलंस?"

"नळाचं."

"आनि तू कुठलं पितोस?"

मी फोन ठेवला. खिडकीत नवी बाटली ठेवून हात जोडले आणि वळलो.

पाठीमागे सील तुटल्याचा आवाज आला.