नाईट करून आलेल्या माणसाची झोप

मी, द्रौपदी हरिचंद्र भोईर, वय ४६ वर्षे, काम घरी बसून जीन्सचे धागे कापणे, राहणार अंबरनाथ पूर्व, आज बुधवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, पती, सासू कौसाबाई व सासरे बाळाजी भोईर, वय ७९, असे राहतो. धाकटे दीर अल्पेश वांगणीला असतात. मी सासऱ्यांना झोपेच्या गोळ्या देते, असा अर्ज दिरांनी दिला आहे. त्याबाबत माझे म्हणणे असे.

सासरे एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. बत्तीस वर्षे तिन्ही पाळ्या केल्या. त्या कामात पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, हजर झाल्याशिवाय जागा सोडता येत नाही. रिलीव्हर आला नाही म्हणून ते सलग दोन पाळ्या थांबत. नाईट करून आले की त्यांना कोणी उठवायचे नाही, अशी सासूबाईंची शिस्त होती. कुकर शेजारी नेऊन लावायचा. दाराच्या घंटीवर फडके बांधायचे.

सात वर्षांपूर्वी त्यांना डिमेन्शिया झाला. गेल्या दिवाळीपासून ते दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. शेवटच्या टप्प्यात असे होते, असे डॉक्टरांनी सांगितले. गुंगीत भरवू नका, दर दोन तासांनी कूस बदला, झोप एकाएकी वाढली तर लगेच घेऊन या, असेही सांगितले. झोपेची गोळी लिहून दिलेली नाही. कागद हजर करते.

सासूबाई मला म्हणत, "हळू गं, नाईट करून आलेत." सुरुवातीला मी सांगे, "आई, त्यांना रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली." नंतर सांगणे सोडले. घंटीवर पुन्हा फडके बांधले. ते मीच बांधले.

दुपारी चारला चहासाठी मात्र ते डोळे उघडत. चमच्याने चार-पाच घोट घेत. शनिवारी उघडले नाहीत. मी खांद्याला हात लावला. सासूबाईंनी तो बाजूला केला. अंग थोडे कोमट होते. मी चहा झाकून ठेवला आणि धागे कापायला बसले. रविवारी सकाळीही तेच. डॉक्टरांचे सांगणे मला आठवत होते. पती शनिवारी उशिरा आले, रविवारी पहाटेच ओव्हरटाइमला गेले. संध्याकाळी ते आले की बघू, असे मी ठरवले.

त्याच दुपारी सव्वाबाराला दीर आले. किती वेळ झोपलेत, असे त्यांनी विचारले. कालपासून, असे मी सांगितले.

"काय पाजलंत आबांना, वहिनी? ते झोपले की जीन्सचे गठ्ठे बरे उरकतात, नाही का?"

दिरांनी सासऱ्यांचे खांदे धरून जोराने हलवले. सासूबाई म्हणाल्या, "अल्प्या, मार खाशील. बाप नाईट करून आलाय."

तेव्हा सासऱ्यांनी डोळे उघडले. गेले पाच महिने ते एक शब्द बोलले नव्हते. दिरांकडे बघून म्हणाले, "रिलीव्हर आला?" दिरांनी खांदे सोडले.

त्यानंतर मी कानाशी काहीतरी बोलले व सासरे पुन्हा झोपले, असे अर्जात लिहिले आहे. ते खरे आहे.

मी व दिरांनी मिळून त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले. लघवीचे इन्फेक्शन अंगात पसरले आहे. रक्तात झोपेचे औषध सापडले नाही. एक दिवस आधी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. मला ते मान्य आहे. तेव्हापासून सासरे जागे झालेले नाहीत. सासूबाई वॉर्डाच्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोलायला सांगतात.

दिरांविरुद्ध माझी तक्रार नाही. ते रविवारपासून तिथेच आहेत. कूस कशी बदलायची ते मी त्यांना दाखवले आहे.

कानाशी नेमके काय बोलले, असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले, "आलाय, आबा. निघा तुम्ही."

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी ऐकला. सांगितले तसाच उतरला आहे, बरोबर आहे.