लान्वेचा डावा पाय

लान्वे : बोट टोचून घ्यायला आज मला वेळ नाही, नेइजोन. नात एक वर्षाची होतेय. चारशे माणसं जेवायला येणार, अजून डुक्कर भाजायचंय.

नेइजोन : म्हणून तर काका, साखर तपासायची गाडी डॉक्टरांसकट चर्चच्या आवारातच आणलीये. वीस पावलं चालायचं फक्त.

तेल्मी : चालतील कसे? सकाळपासून लंगडताहेत.

लान्वे : हिचं ऐकू नकोस. कोंबड्या कापायच्या कारखान्यात आठ-आठ तास उभा असतो मी. बूट घट्ट आहे, एवढंच.

नेइजोन : काढा बूट.

लान्वे : पाहुण्यांसमोर?

तेल्मी : पाहुणे पाचला येणारेत. काढा.

नेइजोन : अगं बाई! काका, मोजा रक्तानं चिकटलाय. तळव्यात केवढी जखम ही!

लान्वे : कुठे? मला तर काही दुखत नाही.

नेइजोन : दुखत नाही, तेच वाईट. साखरेनं पाय बधिर होतो. कधीपासून आहे?

तेल्मी : मंगळवारपासून मोज्यावर डाग बघतेय. विचारलं तर म्हणाले, कोंबडीचं रक्त.

लान्वे : हे बघ पोरी, माझा भाऊ टोक्वा असाच दवाखान्यात गेला आणि गुडघ्याखालचा पाय तिथंच ठेवून आला.

नेइजोन : आठ महिने घरी बसून मग गेले ते. तेव्हा आपल्या मार्शल बेटांवरच्या माणसांना इथं अमेरिकेत सरकारी औषधोपचाराचं कार्डच मिळत नव्हतं. आता मिळतं.

लान्वे : पंचवीस वर्षं माझ्या पगारातून कर कापला, तेव्हा कुठं होतं कार्ड? आताच प्रेम उतू चाललंय होय?

नेइजोन : प्रेम कसलं! आपल्याच लोकांनी भांडून मिळवलंय. इथल्या गोऱ्यांपेक्षा आपल्यात मधुमेह कितीतरी जास्त, हे आर्कान्सॉच्या आरोग्य खात्यालाही दिसलं. म्हणून तर मला नोकरीवर घेतलं.

लान्वे : तुझ्यासारखी बडबडी त्यांना कशाला हवी?

नेइजोन : आपल्या भाषेत बडबडायला. फॉर्मसुद्धा आपल्या भाषेत आहे.

लान्वे : आणि पाय कापायचा म्हणाले तर?

नेइजोन : तर आधी तुम्हाला सांगेन. तुम्ही जे बोलाल ते त्यांना सांगेन. एक शब्द गाळणार नाही.

लान्वे : शिव्या दिल्या तर?

नेइजोन : त्याही. जशाच्या तशा.

तेल्मी : जा आता. डुकराकडे मी बघते.

(तासाभराने. लान्वेच्या काखेत कुबडी, डाव्या पायाला पांढरी पट्टी.)

लान्वे : तेल्मी! पाय आहे! पाचही बोटं आहेत, मोजून घे!

तेल्मी : ओरडू नका. काय गं, काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?

नेइजोन : जखम हाडापर्यंत गेली नाही. साफ केली, औषध दिलंय. महिनाभर पाय टेकायचा नाही. आणखी आठवडा काढला असता तर कठीण होतं.

लान्वे : आणि हिनं खरंच सगळ्या शिव्या सांगितल्या! बाई काय हसल्या! म्हणाल्या, ती दुसरी पुन्हा म्हणा, मला शिकायचीय.

नेइजोन : साखर मात्र साडेतीनशे. भाताला हात लावायचा नाही. मासा खा, वर नीरफणसाची एक फोड.

लान्वे : एक? नातीच्या वाढदिवसाला? तेल्मी, सांग ना हिला काहीतरी.

तेल्मी : नेइजोन, गाडी किती वाजेपर्यंत आहे?

नेइजोन : चारपर्यंत. का हो काकू?

तेल्मी : काल भाताचं उकळतं पाणी माझ्या पायावर सांडलं. फोड आला तेव्हा कळलं मला.

लान्वे : ...चल. मी येतो तुझ्याबरोबर.