दोन्ही बाजूंनी पाणी

(दोन सख्ख्या जावांच्या घरांमधलं सामाईक अंगण. मधोमध नव्या झाडांची दाट ओळ.)

थोरली : हे बघ, खोटं बोलू नकोस. तुझ्या बाजूची पानं आधी डागाळली. भांड्यांचं साबणाचं पाणी कुठे ओततेस तू?

धाकटी : मोरीत. आणखी कुठे ओतणार? आधी नर्सरीवाल्या भाऊंना नीट बघू तरी द्या, जाऊबाई.

थोरली : त्यात बघायचंय काय? काळे-तांबडे ठिपके, भोवती पिवळी कडा. बारा महिने हिरवी राहणारी म्हणून लावली, आणि बघता बघता खराटे व्हायला लागलेत त्यांचे. भाऊ, काही टाकल्याशिवाय असं होतं का?

नर्सरीवाला : बाई, मला तुमच्या भांडणात ओढू नका. मी झाडं विकतो.

थोरली : मग तेवढंच सांगा, जगणार की मरणार. मरणार असतील तर उद्या गवंडी येतोय. पुरुषभर उंच भिंत घालते, म्हणजे कायमचा निकाल लागेल.

धाकटी : घाला की! माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तर या झाडांनी तुम्ही केव्हाच बंद केलीत. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते मी.

नर्सरीवाला : जरा थांबता का दोघी? कुणी काही टाकलेलं नाही. बुरशी आहे ही. पान फार वेळ ओलं राहिलं की धरते. पाणी कसं घालता तुम्ही?

थोरली : पाईपनं. वरून, आंघोळ घालावी तसं. संध्याकाळी ऑफिसातून आले की.

नर्सरीवाला : तेही चूकच. पण हे पान बघा. ऊन एवढं वर आलं तरी ठिबकतंय. कालचं पाणी नाही हे. आणखी कोण घालतं?

थोरली : कोण घालणार? माझी झाडं आहेत. ...तू कुठे निघालीस गं?

धाकटी : मी घालते. सकाळी तुम्ही गाडी बाहेर काढलीत की.

थोरली : तू? माझ्या झाडांना?

धाकटी : हो! वाळली असती तर कुणाच्या नावानं खडे फोडले असतेत? पहिलं पान गळलं तेव्हाच तुमचा चेहरा बघितला मी. म्हटलं, काहीही होवो, ही झाडं मरता कामा नयेत. ठिपके वाढले तसं आणखी घातलं. पानन् पान धुऊन काढलं. आजही सवयीनं त्याच वेळी घातलं, तुम्ही घरी आहात हे माझ्या लक्षातच आलं नाही.

नर्सरीवाला : झालं! म्हणजे या झाडाची बुरशी त्या झाडावर तुम्हीच पोचवलीत.

थोरली : आधी विचारायचं नाही का? तुझं कायम हेच! कुणी तहानलेलं दिसलं की ओतलं पाणी!

धाकटी : कायम म्हणजे? आणखी कुणाला ओतलं मी?

थोरली : काही नाही. सोड.

धाकटी : नाही, आता बोलाच. कुणाला?

थोरली : सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या माणसांसमोर तू काय म्हणालीस, आठवतं? तहानेनं व्याकूळ होत्या, थोरलीनं घोटभर पाणी दिलं नाही, शेवटी मी दिलं.

धाकटी : म्हणाले. डोळ्यांनी दिसलं ते म्हणाले. ओठ सुकून गेले होते त्यांचे.

थोरली : डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. गिळता येत नव्हतं त्यांना. ओल्या कापसानं ओठ टिपत बसायचे मी दिवसभर. मी जरा आत गेले, तेवढ्यात तू पेला लावलास आणि निघून गेलीस. मागे असा ठसका लागला त्यांना... निळ्या पडल्या होत्या गं.

नर्सरीवाला : मी जरा टेंपोपाशी जाऊन येतो.

थोरली : थांबा तुम्ही. कुठे जाऊ नका.

धाकटी : जाऊबाई... त्या माझ्यामुळे गेल्या?

थोरली : नाही, नाही. सावरल्या त्यातून. मला हाकही मारली नंतर. आजारच तसा होता. तुझ्या पाण्यानं नाही गेल्या.

धाकटी : मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी चारचौघांत तुम्हाला वाटेल ते बोलले आणि तुम्ही ऐकून घेतलंत?

थोरली : सांगितलं असतं तर तू जन्मभर तो पेला हातात घेऊन बसली असतीस. ओळखत नाही का मी तुला? पण राग आला होता, फार राग आला होता. तुझं तोंड बघायचं नव्हतं मला. म्हणून तर ही झाडं लावली.

धाकटी : आणि आता भिंत.

थोरली : ...भाऊ, झाडं जगतील का ते सांगा.

नर्सरीवाला : जगतील. गळलेली पानं झाडून उचला. पाणी सकाळी, बुडाशी, आणि कुणीतरी एकीनंच घाला. फवारायला औषध देतो. पण खरं दुखणं वेगळंच आहे. दोन झाडांच्या मधे हात शिरत नाही, वारा कुठून जाणार? मी तेव्हाच म्हणालो होतो...

थोरली : काही म्हणाला नव्हतात. आणखी दहा देऊ का, असं विचारलं होतंत.

नर्सरीवाला : बरं, नसेन म्हणालो. आता एकाआड एक काढावं लागेल. काढलेली मागच्या बाजूला लावून देतो. पण मग आडोसा राहणार नाही, बाई. आरपार दिसेल सगळं. कुठून सुरुवात करू?

धाकटी : मला नका विचारू. त्यांना भिंतच हवी असेल तर ती घालू दे.

थोरली : हिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचं आधी काढा. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते म्हणे.