वाट बघणारी

(आत्याची खोली, दुपार. भाची हॉटेलच्या गणवेशातच आली आहे. कमरेला चाव्यांचा जुडगा.)

भाची : मान एवढी ताठ नको गं, आत्या. पुतळ्याची आहे तशी ठेव. हात कपाळावर, नजर समुद्रावर.

आत्या : माझी मान गेली चुलीत. आधी तो जुडगा काढून ठेव. गळ्यात घंटा बांधल्यासारखी वाजतेयस.

भाची : ड्यूटीवर आहे, काढता येत नाही. परत एकदा ऐक. उद्या अनावरणाला मी माइकवर म्हणणार, "चार झोपड्या आणि वाळूवर सुकत घातलेली मासळी, एवढंच होतं इथे. मग एक चित्रकार आला. त्याला खडकावर एक बाई दिसली, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी. त्या चित्रामुळे लोक आले, धक्का झाला, रस्ता झाला, हॉटेलं झाली." मग पडदा बाजूला. मागे त्या चित्रातल्या बाईचा पुतळा, शेजारी तू. टाळ्या!

आत्या : आणि मी काय म्हणायचं?

भाची : एवढंच. "मी वाट बघत होते."

आत्या : कुणाची?

भाची : नवऱ्याची! अख्खं गाव तुझ्यावर उभं आहे, आत्या. प्रतीक्षा लॉज, प्रतीक्षा बेकरी. ते सलूनसुद्धा प्रतीक्षा!

आत्या : सलूनचं बरोबर आहे, तिथे बसावंच लागतं ताटकळत. पण पोरी, ते चित्र काढलं तेव्हा माझं लग्न कुठे झालं होतं? नवरा नावाचा माणूस मी नंतर पाहिला.

भाची : काहीतरीच काय! मग कुणाची वाट बघत होतीस?

आत्या : कुणाची नाही गं. वाट बघत होते. वाट! वस्तीतून खडकाकडे पायवाट यायची ना, ती. कुणी पुरुष येतोय का ते बघायचं.

भाची : कशासाठी?

आत्या : खडकामागच्या घळीत बायका बसलेल्या असायच्या.

भाची : मासळी निवडत?

आत्या : सकाळी उठल्यावर माणूस आधी काय करतं? संडास होते का वस्तीत? सगळ्या तिकडेच जायचो. एकीने वर उभं राहायचं. "आज वाट कोण बघतंय?" असं विचारूनच निघायचो घरातून. त्या दिवशी माझा नंबर होता.

भाची : शी! हळू बोल. खिडकी उघडी आहे.

आत्या : लाज वाटली?

भाची : वाटणार नाही? गावाची शान म्हणून मिरवतोय आम्ही तुला!

आत्या : तुझ्या बापालाही वाटली होती. चित्रकार त्याच्याच होडीत तर होता. चित्रकाराने विचारलं, ती बाई तिथे काय करतेय? तो म्हणाला, वाट बघतेय. खोटं नाही बोलला. मग त्याने विचारलं, कुणाची? आता काय सांगणार बिचारा? बहीण वर उभी, आई खडकामागे. मान खाली घातली नि म्हणाला, नवऱ्याची.

भाची : पण चित्रात तुझं तोंड समुद्राकडे आहे.

आत्या : होडीतून त्याला माझी पाठ दिसत होती. तोंड त्याने आपल्या घरी जाऊन काढलं. पाठीचं चित्र कोण भिंतीवर लावणार?

भाची : बाबा शेवटपर्यंत बोलले नाहीत यातलं काही.

आत्या : कुठल्या तोंडाने बोलणार? जो तो होडीत बसला की तीच गोष्ट मागायचा. लाजेपोटी सांगितलेली गोष्ट, पुढे पोटासाठी सांगायला लागला. लोक उजाडल्याबरोबर कॅमेरे घेऊन खडकासमोर हजर! आम्ही मग पलीकडच्या शेवाळलेल्या दगडांवर जायला लागलो.

भाची : पण बाबांनी संडास बांधला ना घरामागे? गावातला पहिला. ते मात्र कौतुकाने सांगायचे.

आत्या : बांधला की. वरच्या खोलीत पाहुणे ठेवायला लागला, त्यांच्यासाठी. त्याला कुलूप असायचं.

भाची : आणि घरातली माणसं?

आत्या : घरातली माणसं दगडांवर. तुझ्या वेळी तुझ्या आईचे दिवस भरत आले होते. तिथेच घसरली ती.

भाची : आईचा पाय... तो तर होडीतून उतरताना मोडला होता ना?

आत्या : तसं सांगायचं ठरलं. पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं तर बरं दिसलं नसतं.

भाची : परसात संडास असून?

आत्या : परसात असून. तुझा बाप तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडला. पण चावी काही खिळ्यावरून निघाली नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते.

भाची : आता उद्या मी काय बोलू, आत्या? पत्रकार येणार आहेत. खरं सांगितलं तर हसं होईल. आणि खोटं आता माझ्या तोंडून निघायचं नाही.

आत्या : तू काय बोलायचं ते तू बघ. मी येते, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. कपाळावर हात ठेवून म्हणेन, वाट बघत होते. त्यात माझं काय खोटं आहे? फक्त लवकर आटपा. या वयात सारखं उठावं लागतं. तिथे सोय आहे ना?

भाची : तुला कसली काळजी? किनाऱ्यावर आमच्या हॉटेलचे चकचकीत संडास आहेत. तू तर पाहुणी. चावी माझ्याकडेच असते.

आत्या : चावी?

भाची : कुलूप असतं ना. नाहीतर...

आत्या : नाहीतर काय?

भाची : नाहीतर कामाच्या बायका जातात. पाहुणे तक्रार करतात.

आत्या : कुठल्या बायका? तुझ्या हाताखालच्या?

भाची : हो.

आत्या : मग त्या कुठे जातात?

भाची : पुतळ्यामागे. सध्या पडदा लावलाय ना, आडोसा होतो.

आत्या : आणि उद्या पडदा काढल्यावर?

भाची : मी विचारच केला नाही. आत्या, मला लाज वाटतेय गं.

आत्या : मघाशी वाटली तीच?

भाची : नाही. ती तुमची होती. ही माझी आहे.

आत्या : अगं, अशी तडकाफडकी कुठे निघालीस?

भाची : कुलूप काढायला. साहेब ओरडले तर ओरडू देत.

आत्या : थांब. एक सांगून जा. राखणीला उभी असते का गं कुणी अजून?

भाची : असते. नवी लागलेली पोरगी आहे एक. कालच मी तिला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, काम टाकून इथे कुणाची वाट बघत उभी आहेस?

आत्या : काय म्हणाली?

भाची : मान खाली घातली.

आत्या : आणि त्याआधी? तोंड कुठे होतं तिचं?

भाची : वाटेकडे.