नागपूरच्या उन्हात कोरा कागद

...आणि वर मलाच विचारतात, ऊन कमी पडलं काय? तुम्हाला सांगते, एप्रिल महिना, नागपूर, आमची गच्ची. सासूबाईंचे पापड तिथे अर्ध्या तासात वाळतात, प्लास्टिकची बादली दोन उन्हाळ्यांत हात लावताच भुगा होते, आणि तिथेच ठेवलेला माझा कागद काही निळा होत नाही. एकदा नाही, सहा वेळा! सासरे, रुपरावजी, तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेली, त्यामुळे उन्हावर त्यांची फार श्रद्धा. पंख्याखालून म्हणाले, "बेटा, ऊन कमी पडून राहिलं असन." मी म्हटलं, बरं.

आता हे काम काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या नवऱ्यासारखे न ऐकता मान हलवाल. फोटोची निगेटिव्ह कॉम्प्युटरवर करायची, म्हणजे काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. ती घरातल्याच इंकजेट प्रिंटरवर, पारदर्शक फिल्मवर छापायची. दोन रसायनं कालवून कागदाला ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची. मग कागदावर फिल्म, फिल्मवर काच, चिमटे, आणि ऊन. शाई जिथे ऊन अडवते तिथे पांढरं, जिथून ऊन जातं तिथे निळं. पाण्यात धुतलं की निळा फोटो तयार. उमरेडला, लग्नाआधी, असे मी पन्नासेक केले असतील. इथे मात्र धुतलं की रंग सगळा मोरीत, आणि हातात कोरा कागद.

आणि फोटो कोणाचा, तर माझ्या आईचा. मागावर बसलेली आहे, माझ्या लग्नाच्या आठवडाभर आधीची. धरमपेठेतल्या एका लहानशा गॅलरीत वीस जणांचं प्रदर्शन, त्यात माझा हा एक, शनिवारी पाचपर्यंत नेऊन द्यायचा. नाही दिला तर भिंतीवर नुसतं नाव आणि खिळा. रविवारी आई एसटीने पाहायला येणार. तिने गल्लीभर सांगितलेलं, नवीन चप्पल घेतलेली. रोज फोन, "झालं काय वं?" मी म्हणते, होतंय.

पहिली निगेटिव्ह, कबूल करते, मीच फिल्मच्या उलट्या बाजूला छापली. शाई वाळेचना, आईचं नाक माझ्या अंगठ्याला आलं. दुसरीत आडव्या रेघा. नवरा, पियूष, मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. "बंद करून चालू कर." केलं. रेघा तशाच. तर म्हणतो, राहू दे, मागाचे धागेच वाटतात. मी म्हटलं, बरं. तिसरी स्वच्छ आली, आणि तीही धुतल्यावर कोरी! मग इंटरनेटवरच्या ग्रुपमध्ये विचारलं. प्रोफाइलच्या फोटोत टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी लिहिलं, दोष निगेटिव्हचाच, शाई फार दाट, कमी करा. केली. कोरा. आणखी कमी करा. कोरा. घरातही तोवर सगळे तेच म्हणायला लागले, दोष निगेटिव्हचाच, दूधवाल्यासकट. सहावीपर्यंत मी आईला इतकी फिकी करत आणली की फिल्म खिडकीशी धरून पियूषला विचारलं, दिसते का?

"कोण?" म्हणाला.

रडूबिडू नाही आलं हं. काहीच आलं नाही. मोरीपाशी उभी राहून मी कागद धूत राहिले, तो धुवायची गरज नव्हती तरी.

शनिवारी दुपारी एकला तीच सहावी पुन्हा लावताना हात घसरला, आणि कागदाची दोन बोटं पट्टी काचेबाहेर राहिली. धुतलं, तर काय... ती पट्टी निळीशार! आणि काचेखालचा सगळा कागद कोरा.

आता काच. माझी स्वतःची काच उमरेडलाच राहिली, कारण लग्नाच्या सामानात काच न्यायची नाही, फुटली तर अपशकुन, हे आईचंच. इथे आल्यावर सासूबाईंनी ही काच माळ्यावरून, लुगड्यात गुंडाळलेली, मोठ्या मायेने काढून दिली होती. "घरात असून विकत काहून आणतं?" मी तो ओला कागद घेऊन खाली आले आणि सासूबाईंना विचारलं, आई, ही काच कुठली?

"तुमच्या लग्नाच्या फोटोची," त्या अभिमानाने म्हणाल्या. "जरीपटक्याच्या फ्रेमवाल्यानं पहिली आखूड कापली, ते फुकट देल्ली. भारी हाय. रंग उडवणारं ऊन आतच येऊ देत नाही, शंभर वर्षं रंग जात नाही."

मग सासरे म्हणाले, "म्हणजे ऊन कमीच पडून राहिलं होतं."

मी म्हटलं, बरं.

काचवाल्याला फोन केला. तो शटर ओढून जेवायला गेलेला, पाचला उघडणार. मी बसले. सासूबाई आत गेल्या आणि भिंतीवरून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून घेऊन आल्या, मागचे खिळे चमच्याने वाकवले, काच काढली, पदराने पुसली. "हे साधी हाय. हिच्यातून सगळं जाते."

ते मला दिसतच होतं. तीस वर्षं खिडकीसमोर टांगलेला फोटो. सासऱ्यांचा कोट तांबूस उरलाय, सासूबाईंच्या मुंडावळ्या आहेत, आणि मुंडावळ्यांच्या मधे पिवळट डाग.

फिकी करण्याआधीची ती तिसरी निगेटिव्ह, साधी काच, दहा मिनिटं. पाण्यात आई आली. माग आला, धागे आले, तिच्या हाताच्या शिरासुद्धा आल्या. पावणेपाचला नेऊन दिला. रविवारी आईने फोटोसमोर नवी चप्पल काढली, देवळात काढतात तशी, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मी इतकी निळी काहून?"

"ऊन लागलं, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी तो बिनकाचेचा फोटो माझ्यासमोर ठेवला. "याची निगेटिव्ह काढशील काय वं? माहा चेहरा येते काय पाहू."

मी पाहिलं. तुम्हाला सांगते, त्या डागात काही नव्हतं. डोळे नाहीत, नाक नाही, जगातल्या कुठल्याही प्रिंटरला छापता येईल असं काही नाही. त्यांनाही ते दिसत होतं. तीस वर्षं रोज पुसला होता तो फोटो.

"नाही आला," त्या म्हणाल्या, "तं निगेटिव्हचाच दोष म्हणू."

मी म्हटलं, बरं.